दाराची करकर

"कोण?" भावजींनी आतून विचारलं आणि मी दारातच थांबले. प्रश्न तसा साधा. दार उघडतं, कुणीतरी येतं, आतल्या माणसाला डोळ्यांनी दिसत नाही, तो विचारणारच. मीटर बघायला येणाऱ्याला ते विचारतात, खुर्ची विणायला टाकायला आलेल्या गिऱ्हाइकाला विचारतात. मला त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. मी पायऱ्या चढून दार लोटायचा अवकाश, आतून हाक यायचीच, "काय फूटपट्टी, आज साहेबानं लवकर सोडलं?" नाहीतर, "ये, चहा टाकतच होतो." हे इतकी वर्षं चाललं होतं की, न बघता मला ओळखण्यात काही विशेष आहे हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं. आज ते "कोण?" म्हणाले, आणि तेही गिऱ्हाइकाशी बोलतात त्या अदबीच्या, जरा वर चढलेल्या आवाजात. माझ्या हातात पडद्यांच्या कड्यांची पिशवी होती, ती उगीचच जड लागायला लागली. "मी आहे," मी म्हटलं. "अगं, तू होय! ये की, ये," ते इतक्या घाईनं म्हणाले की मलाच चोरट्यासारखं झालं. ते खुर्चीतून उठले, माझ्याकडे तोंड करून हसले, पण अंदाज चुकला आणि ते हसू माझ्या शेजारच्या भिंतीला मिळालं. भिंत नवी कोरी रंगवलेली होती. रंग मीच निवडला होता.

मला आधी आला तो राग. खोटं कशाला बोलू, वाईट नंतर वाटलं, आधी रागच आला. पुरानं धुऊन नेलेलं घर मी उभं केलं होतं. मी एकटीनं नाही, पण मी होते म्हणून ते असं उभं राहिलं. हे मी स्वतःची टिमकी वाजवायला सांगत नाही, माझा धंदाच तो आहे. बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. आता तरुण मुलं संगणकाच्या पडद्यावर रेघा ओढतात, पण साहेबाला शंका आली की तो अजून माझ्याच टेबलापाशी येऊन उभा राहतो, कारण माझी पेन्सिल खोटं बोलत नाही. खोलीत शिरलं की मला ती खोली वरून दिसते. भिंती म्हणजे जाड रेघा, दारं म्हणजे पाव वर्तुळं, माणसं नाहीतच. फूटपट्टी हे नाव त्यावरूनच पडलं. भावजींनीच ठेवलं ते, माझ्या मैत्रिणीशी, सिस्टरशी, त्यांचं लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा. मी बसल्या बसल्या सिस्टरला म्हटलं होतं, "तुझा पलंग भिंतीला समांतर नाहीये." त्यावर हा नवा नवरा गंभीरपणे म्हणाला, "मला तर सरळच दिसतोय." मला क्षणभर कळेचना हसावं की माफी मागावी, आणि मग सिस्टर इतकी हसली की तिला उचकी लागली.

सिस्टर ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. इस्पितळात नर्स आहे म्हणून गल्ली तिला सिस्टर म्हणते, आणि गल्ली म्हणते म्हणून नवराही म्हणतो. भावजींची दृष्टी विशीच्या आतच तापात गेली. ते वेतानं खुर्च्या विणतात. बैठक फाटलेली, पाठ लोंबलेली खुर्ची त्यांच्याकडे येते आणि आठवड्यानं ढोलासारखी ताणून परत जाते. त्यांची बोटं भोकाभोकांतून वेत ओवत असतात आणि तोंड त्याच वेळी माझी थट्टा करत असतं. मी एकटी राहते. त्याचं मला दुःख नाही, सवय आहे, आणि सवय झाली की त्यात सुखही असतं. पण कचेरीतून घरी जाताना पाय आपोआप नदीकडच्या गल्लीत वळायचे. दरवेळी त्यांच्या पायऱ्या चढताना मनात यायचं की, आपण जरा जास्तच तर येत नाही ना? नवरा-बायकोचं घर, त्यात हे तिसरं माणूस. असं मनात यायचं आणि तेवढ्यात आतून हाक यायची, आणि मग ते मनातलं तिथंच पायरीवर राहायचं. परत जाताना मी ते उचलूनही नेत नसे.

पूर आला तो भर दुपारी. वरच्या अंगाला कुठंतरी अतोनात पाऊस झाला होता, आमच्याकडे ऊन होतं. सिस्टर ड्यूटीवर, भावजी एकटे घरात. पुढं त्यांनी मला सांगितलं, पाणी दारातून आलंच नाही. आधी न्हाणीघराच्या जाळीतून आलं, घसा खाकरल्यासारखा आवाज करत. ते म्हणाले, "मला वाटलं, कुणीतरी आत आहे." मग पायाला गार लागलं. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर गिऱ्हाइकांच्या खुर्च्या पलंगावर चढवल्या. वरच्या मजल्यावरचे शेजारी हाका मारत खाली आले तेव्हा ते गुडघाभर पाण्यात एक आरामखुर्ची डोक्यावर घेऊन उभे होते आणि ती सोडायला तयार नव्हते. संध्याकाळपर्यंत पाणी खिडकीच्या वर चढलं. दुसऱ्या दिवशी ते उतरलं तेव्हा आम्ही दार उघडायला गेलो, तर दार फुगून चौकटीत असं घट्ट बसलं होतं की पहारीनं काढावं लागलं. आत चिखल होता. चिखल हा शब्द फार सौम्य आहे. काळा, तेलकट, पाय घातला की बूट ठेवून घेणारा, आणि त्याचा वास जिभेवर बसायचा. पलंग उलटा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला. कपाट पाठीवर पडलेलं, दारं उघडी, आतल्या साड्यांचा एक लगदा. सिस्टर भिंतीला टेकून नुसती बघत राहिली. इस्पितळात तिनं काय काय पाहिलं असेल, पण इथं ती माझा दंड धरून म्हणाली, "कुठून सुरुवात करायची गं?" तोवर मागं भावजी चिखलात हात घालून काहीतरी ओढून काढत होते. वेताचं भेंडोळं होतं. वेत भिजवल्याशिवाय वळत नाही, म्हणून ते रोज सकाळी बादलीत थोडा थोडा भिजवत. ते म्हणाले, "एवढा वेत एकदम भिजवायची माझी कधी टाप नव्हती." सिस्टर हसली नाही, पण तिनं पदर खोचला आणि फावडं घेतलं.

ते दोघं माझ्याकडे राहायला आले. एका मैत्रिणीचं घर वाहून गेलं आणि दुसरीला त्यात सुख वाटलं, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी तिचं तोंड पाहिलं नसतं. पण मला सुख वाटलं. दिवसभर आम्ही चिखल उपसायचो, कपडे, भांडी, खुर्च्यांचे सांगाडे धुऊन गच्चीवर वाळत घालायचो, अंगातलं हाड न् हाड बोलायचं, आणि संध्याकाळी माझ्या त्या दोन खोल्यांत तीन माणसांच्या चपला असायच्या. भावजींनी पहिल्याच संध्याकाळी माझं घर पाठ केलं. तळहात भिंतीला लावून एक फेरी मारली, मग मधोमध उभे राहून कान दिला. "तुझं घड्याळ फार मोठ्यानं बोलतं," ते म्हणाले. ते घड्याळ माझ्या आईचं. भिंतीवरचं, लंबकाचं, टोले बंद पडलेलं, नुसतं टकटक करणारं. मला त्याचा आवाज ऐकूच येत नसे. त्यानंतर भावजी कुठंही न अडखळता वावरले, आणि मी माझ्याच घरात दोनदा त्यांच्या काठीला अडखळले. सिस्टर स्वयंपाक करता करता इस्पितळातल्या गोष्टी सांगायची, भावजी तिच्या गोष्टी खोडून काढायचे, आणि मी ताटं मांडताना मनाशी म्हणायची, घाई नाही, सावकाश होऊ दे त्यांचं घर. हे मनाशीच हं. सकाळ झाली की सगळ्यांत आधी फावडं माझ्याच हातात असायचं.

घर उभं करायचा नकाशा मी आठवणीवरून काढला. हा नकाशा काढताना मला जो आनंद झाला तो कचेरीत कधी झाला नाही. पलंग खिडकीपासून किती, पलंगाच्या पायाशी कपाट, कपाटाशेजारी भावजींची विणायची बैठी खुर्ची, तिच्या उजव्या हाताला वेताची बादली, स्वयंपाकघरात ओटा, ओट्याच्या टोकाला साखर-चहाचे डबे. आंधळ्या माणसाच्या घरात वस्तू बोटभर हलली तरी चालत नाही, हे मला काय कुणी सांगायला पाहिजे होतं? मी सगळं बोटाच्या मापानं जाग्यावर आणलं. आणि हात घातलाच आहे तर, कचेरीतल्या सवयीनं, हातात तांबडी पेन्सिल घेतली. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम आलं की मी जागेवर जाऊन जे जे बिघडलेलं त्याभोवती तांबडं वर्तुळ करते. तशीच वर्तुळं मी इथंही केली. दार करकरतं. खिडकीची काच सैल. खिडकीजवळची फरशी डुगडुगते. नळ ठिपकतो. कपाटाचं दार आपोआप उघडतं. किती वर्षं सिस्टर या सगळ्याला शिव्या घालत आली होती! सुतारकाकांनी दाराला नव्या बिजागऱ्या बसवून तेल घातलं, गवंड्यानं फरशी पक्की केली, काचेच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, नळ बदलला. शेवटच्या दिवशी मी मधोमध उभी राहिले. ओळंबा लावून बघावं असं सरळ, शांत, स्वच्छ घर. माझा ऊर भरून आला.

आणि त्या घरात तिसऱ्या दिवशी भावजींनी मला विचारलं, "कोण?"

मी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले. सिस्टर ओट्याशी उभी होती. तिनं दार लोटून घेतलं. "तुला सांगणार नव्हते," ती हळू आवाजात म्हणाली, "पण काल ते पाणी प्यायला उठले आणि न्हाणीघरात गेले. सकाळी चहा करायला गेले तर ओटा सापडेना, भिंतच चाचपत राहिले. कपाळाला टेंगूळ आलंय, केस पुढे ओढून झाकलंय, मला दिसणार नाही असं त्यांना वाटतं." तिनं कोरडाच ओटा पुन्हा पुसला. "सोमवारी माझी रजा संपते. मग दिवसभर ते एकटे. यांना सांगून मी माझ्या भावाला फोन केला होता. त्याच्याकडे खालच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. वहिनी दिवसभर घरी असते." मी म्हटलं, "म्हणजे? गाव सोडून?" ती म्हणाली, "मला तिथं कुठंही नोकरी मिळेल गं. नर्स म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही. पण यांना एकटं ठेवून मी ड्यूटीवर कशी जाऊ? सोमवारचा दिवस बघायचा. जमलं तर ठीक, नाहीतर जायचं." एवढं बोलून ती डब्याचं झाकण उगीचच उघडबंद करायला लागली. मला एकदम माझ्या दोन खोल्या दिसल्या, वरून, नकाशासारख्या. आणि या वेळी त्यात माणसं नाहीत हे मला स्पष्ट दिसलं.

दुःख झालं की मी मोजमाप काढते. कुणी रडतं, कुणी भांडी घासतं, माझं हे असं आहे. मी पर्समधली मोजपट्टी काढली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पलंगापासून खिडकीपर्यंतचं अंतर घेतलं. मग कपाटाचं. मग दारापासून भावजींच्या खुर्चीपर्यंतचं. पट्टीची खरखर ऐकून भावजी म्हणाले, "काय चाललंय?" "मोजतेय," मी म्हटलं. "सगळं बरोबर आहे, भावजी. जसं होतं तसं. बोटभरसुद्धा फरक नाही. हे बघा, पलंग इथं. कपाट इथं. ओटा तर भिंतीतलाच, तो कुठं जातोय? मग तुम्ही का चुकता?" माझा आवाज चढला होता. एका आंधळ्या माणसासमोर मोजपट्टी नाचवून मी त्याला पटवून देत होते की तू वाट चुकलेला नाहीस. सिस्टर दारात येऊन उभी राहिली होती आणि तिला कुणाची बाजू घ्यावी कळत नव्हतं. भावजी म्हणाले, "अगदी छान झालंय गं घर. सगळे म्हणतात. रंगसुद्धा छान आहे म्हणतात." "रंगाचं सोडा," मी म्हटलं. "तुम्ही मला कोण म्हणून विचारलंत."

पट्टीचं टोक भावजींनी चाचपून हातात घेतलं, ताणलं, सोडलं. पट्टी सुर्रकन आत गेली. "हे चांगलं वाजतं," ते म्हणाले. आणि मग, जरा संकोचून, दुसऱ्या कुणाची चुगली करावी तसं म्हणाले, "वस्तू जागच्या जागी आहेत, ते तुझं काम आहे, त्यात काय चूक निघणार? पण जागा मला कशी कळायची, तिनं सांगितल्याशिवाय? आधी कसं होतं, सांगू? दार करकरलं की कोण आलं ते कळायचं. रस्त्यानं गाडी गेली की ती काच थरथरायची, म्हणजे खिडकी या अंगाला. पुढं चाललं की ती फरशी टक् करायची. टक् झालं की डावीकडे वळायचं. वळलं की नळ ठिपकताना ऐकू यायचा, त्याच्याकडे तोंड करून चाललं की ओटा. कपाटाचं दार उघडून मांडीला लागलं की पुढं पलंग. आता सगळीकडे चिडीचूप. तुम्ही सगळ्यांनी मिळून घराचं तोंडच बंद केलंत गं." "मग बोलला का नाहीत?" सिस्टर ओरडली. "कुठल्या तोंडानं बोलू? सिस्टर, तुझी सगळी रजा इथं गेली. फूटपट्टीनं हाताला फोड येईस्तोवर चिखल उपसला. त्यात मी म्हणू, मला माझा गळका नळ परत द्या?"

मी खाली बसले, नव्या पक्क्या फरशीवर. माझ्या डोळ्यांसमोर तो नकाशा होता आणि त्यावरची तांबडी वर्तुळं. दार. काच. फरशी. नळ. कपाट. भावजींनी सांगितलेली एकेक खूण मी वर्तुळात पकडून, माणसं लावून, स्वतः उभी राहून नाहीशी केली होती. वाट दाखवणारे सगळे दिवे शोधून शोधून विझवले होते आणि वर ऊर भरून आला होता. लाज वाटायला हवी होती, वाटलीही, पण त्याआधी मला हसूच फुटलं. आवरेना. मग सिस्टरला फुटलं, तिची ती जुनी उचकी लागेपर्यंत. भावजी आमच्याकडे कान करून बसले होते, त्यांना वाटलं आम्ही रडतोय. "अहो, हसतोय," मी म्हटलं. "भावजी, तुमचं घर मी पुन्हा बिघडवून देते. दुरुस्तीच्याच भावात."

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले ते तक्रार ऐकायच्या तयारीनं, कपाळाला आठ्या घालून. "काय झालं? दार करकरतंय?" त्यांनी दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. "कुठं करकरतंय?" "तेच तर," मी म्हटलं, "करकरायला पाहिजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे पाहिलं, ही नर्स आहे तर हिनं हिला काहीतरी औषध द्यावं अशा नजरेनं. "बाई, जन्म गेला माझा, दारं करकरतात म्हणून लोकांची बोलणी खाण्यात. आता करकरत नाही म्हणून बोलावता?" पण भावजींनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि कारण सांगितलं तेव्हा म्हातारा एकदम गंभीर झाला. गिऱ्हाइकाची ऑर्डर घ्यावी तसं विचारलं, "कशी पाहिजे? लांब की तुटक?" भावजी म्हणाले, "आधी बारीक. मग दार उघडेल तशी मोठी. पण जेवढं लोटलं तेवढीच. हात थांबला की आवाज थांबला पाहिजे." सुतारकाकांनी रॉकेलच्या फडक्यानं तेल पुसून काढलं, वरच्या बिजागरीखाली लाकडाची चकती घातली, स्क्रू आवळले. पहिल्यांदा दार उघडेचना. मग उघडलं ते बदकासारखं ओरडलं आणि सिस्टर म्हणाली, "हे नको, शेजारी सोडून जातील." दुपारपर्यंत ते दाराशी झटत होते, कान बिजागरीला लावून, मध्येच भावजींना विचारत, "आता?" भावजी मान हलवत. शेवटी एकदा त्यांनी दार लोटलं आणि भावजींनी हातातलं काम खाली ठेवलं. "जरा नवी आहे," ते म्हणाले, "पण ओळख होईल." सुतारकाका पैसे घ्यायला तयार नव्हते. दार बिघडवायचे पैसे घेतले तर धंद्याला कमीपणा येईल, असं त्यांचं म्हणणं.

फरशीचं सोपं होतं. गवंड्यानं ती उचकटून खालचा माल खरवडला, एका कोपऱ्याखाली नुसती वाळू घातली. टक् नाही आलं, टुक् आलं. "टुक् तर टुक्," भावजी म्हणाले, आणि तिच्यावर पाय देऊन डावीकडे वळले ते सरळ स्वयंपाकघरात. काचेची लांबी मी स्वतः नखानं उकरली. कचेरीत कुणी पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. कपाटानं मात्र हट्ट धरला, काही केलं तरी ते आता शहाण्यासारखं मिटूनच राहिलं, तेव्हा पलंगाच्या कोपऱ्याला भावजींनी वेताची एक जाड गुंडाळी विणून बसवली, मांडीला लागेल अशी. नळाच्या बाबतीत सिस्टरनं कानावर हात ठेवले. "तो नळ मी इतकी वर्षं ऐकला. मी मेल्यावर काय ठिपकवायचं ते ठिपकवा." मग ओट्याच्या वर काय लावायचं, यावर आम्ही बराच वेळ बसलो. भावजी काही बोलत नव्हते, म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी होतं. माझं घड्याळ फार मोठ्यानं बोलतं, हे त्यांचं म्हणणं मला आठवलं तेव्हा मी उठले आणि घरी जाऊन आईचं घड्याळ काढून आणलं. भिंतीवर त्याच्यामागचा रंग वेगळाच निघाला. ओट्यावरच्या भिंतीला खिळा ठोकून घड्याळ लावलं आणि भावजी बाहेरच्या खोलीतून चालत आले, टुक्, डावीकडे, आणि हात पुढे केला तो डब्यांवरच. त्या संध्याकाळी माझ्या घरी मला घड्याळाचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, म्हणजे तो नाही हे ऐकू आलं. वाईट नाही वाटलं. ते कुठं चाललंय ते मला माहीत होतं.

सोमवारी मी कचेरीत एक जिना उलटा काढला. साहेब म्हणाला, "बरं आहे ना?" मी म्हटलं, "आहे." दिवसभर माझं मन भावजींच्या घरात हिंडत होतं, पण या वेळी वरून नाही. काच, फरशी, घड्याळ. ते आता पाणी पीत असतील. आता एखादी खुर्ची घेऊन बसले असतील. आता पडले असतील. आता सिस्टर भावाला फोन करायला निघाली असेल. सुटल्यावर मी नदीकडच्या गल्लीत शिरले. पायऱ्यांवर पुराची माती अजून सांध्यांत होती. वर आले, दाराला हात लावला आणि नेहमीचं ते मनात आलं, आज तरी नको होतं येऊ, सिस्टर आता येईलच, त्यांचं त्यांना ठरवू दे, तू कोण मध्ये? दार बारीक करकरलं. मी थांबले. मग लोटलं, आणि ते सगळं करकरून उघडलं.

"ये, फूटपट्टी," आतून भावजी म्हणाले.

मी तशीच उभी राहिले. ते खुर्चीत बसले होते, मांडीवर एक बैठक, बोटांत ओला वेत, पलीकडे चहाची कपबशी रिकामी. जमिनीवर कुठं काही सांडलेलं नव्हतं, कपाळाचं जुनं टेंगूळ उतरलं होतं, नवं नव्हतं. "चहा तुम्ही केलात?" मी विचारलं, कारण दुसरं काही विचारता येईना. "दोनदा. पहिल्यात साखरेऐवजी मीठ पडलं, ते सिस्टरला सांगू नको. तिच्या भावाला मात्र सांगून टाक, म्हणावं खोली दुसऱ्या कुणाला दे." मी खाली बसले. मग म्हटलं, "पण मी आले हे कसं कळलं? नवी करकर आहे ना?" "करकरीचं काय त्यात?" ते वेत ओवत म्हणाले. "सगळे दार एका दमात लोटतात. सिस्टर तर लाथच मारते. तू एकटी दोनदा लोटतेस. आधी थोडंसं. मग थांबतेस. आत यावं की नको, असं काहीतरी तुझं चालतं. मग लोटतेस. पहिल्या दिवसापासून तसंच आहे." सगळ्या जगाची मी मापं घेत आले, हे एवढं अंतर कधी मोजलं नव्हतं. भावजींनी वेत ताणला, दातांत धरून गाठ आवळली आणि सहज, कामातून मान वर न करता म्हणाले, "म्हणून तर मी लगेच हाक मारतो. नाहीतर एखाद्या दिवशी तशीच परत जायचीस."

ओट्यावर आईचं घड्याळ टकटक करत होतं. बाहेरून एक गाडी गेली आणि काच थरथरली. मला रडू येत होतं आणि इतकं बरं वाटत होतं की बसवेना. मी उठले, बाहेर गेले, दार ओढून घेतलं, पायरीवर क्षणभर उभी राहिले. मग एकदाच, न थांबता, सगळं दार लोटलं.

"कोण?" आतून भावजींनी विचारलं.

"मी," मी म्हटलं, "घरचीच."